सब-१ जनुक (भाताची पूरसहनशीलता)

सब-१ हा भाताच्या नवव्या गुणसूत्रावरचा जनुकसमूह. त्यातल्या सब-१ए या जनुकाचे एक विशिष्ट रूप ज्या रोपात असते, ते शेंड्यासकट पाण्याखाली दोन आठवडे काढूनही जगते. साधे भात आठवडाभरातच दगावू लागते. हे जनुक कुठल्या परक्या जीवातून आणलेले नाही. पूरप्रवण ओडिशातल्या एका गावठी भातातून निवडलेल्या एफआर१३ए या वाणात ते होतेच.

भात हे पाण्यातले पीक, मग ते बुडून मरते कसे? खाचरात पाणी असले तरी शेंडा हवेत असतो आणि पानांनी घेतलेला प्राणवायू खोडातल्या पोकळ्यांमधून मुळांपर्यंत उतरतो. शेंडा बुडाला की ही वाट बंद होते. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतात. त्यात पुराचे पाणी गढूळ, म्हणजे उजेडही तुटपुंजा. रोपात तयार होणारा इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही, आतच साठतो. हे साठणे हाच रोपाला मिळणारा बुडाल्याचा निरोप. त्यावर जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि पाने भराभर लांबत हवेकडे धाव घेतात. पूर उथळ असला तर ही धाव कामी येते. खोल असला तर साठवलेली साखर आणि पिष्ट वाटेतच संपते. पाणी ओसरल्यावर चिखलात पसरलेली दिसतात ती फिकट, दोऱ्यासारखी ताणलेली, स्वतःचा भारही न पेलणारी रोपे.

सब-१ए जागे होते तेही इथिलीनच्याच इशाऱ्यावर, पण काम नेमके उलटे करते. जिबरेलिनला लगाम घालणारी एसएलआर-१ आणि एसएलआरएल-१ ही प्रथिने ते वाढवते. रोप लांबत नाही, पानांतले हरितद्रव्य टिकते, शिदोरी शिल्लक राहते. पाणी उतरले की त्याच बुंध्यातून नवी पाने येतात. संकटात हातपाय न मारता श्वास धरून बसण्याची ही रीत आहे. याच घराण्यातली स्नॉर्कल-१ आणि स्नॉर्कल-२ ही जनुके (२००९ मध्ये ओळखली गेली) खोल पाण्यातल्या भाताला दिवसाला २०–२५ सेंमी. वाढवतात, कारण तिथे पाणी महिनोन् महिने हटत नाही. एकाच वायूच्या इशाऱ्याला एकाच पिकाने दिलेली ही दोन विरुद्ध उत्तरे, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर.

एफआर१३ए पैदासकारांना जुना ठाऊक होता, पण तो उंच, कमी उत्पन्नाचा. त्याच्याशी संकर केला की सहनशीलतेबरोबर नको ते गुणही येत. १९९६ मध्ये केनॉन्ग झू आणि डेव्हिड मॅकिल यांनी हा गुण मुख्यतः नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेशी बांधलेला असल्याचे दाखवले. २००५ मध्ये भाताचा जीनोम आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून पूर्ण झाला. त्यात भारतीय प्रयोगशाळांचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी झू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि सहकाऱ्यांनी सब-१ए हे जनुक प्रसिद्ध केले.

नंतरचे काम आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झाले. पूर्व भारतात मोठ्या क्षेत्रावर घेतल्या जाणाऱ्या ‘स्वर्णा’ वाणात सब-१ आणायचे होते, पण स्वर्णा स्वर्णाच राहायला हवी होती: तोच दाणा, तेच उत्पन्न. म्हणून संकरित रोपाचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर केला आणि दर पिढीत पानाच्या तुकड्यातल्या डीएनएमधल्या ओळखीच्या जागांवरून, म्हणजे खुणांवरून, निवड केली. एक खूण सब-१ आले का ते सांगते, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुणा नको असलेला तुकडा तुटला का ते सांगतात आणि बाकी गुणसूत्रांवरच्या खुणा स्वर्णा किती परतली ते. पूर्वी रोप बुडवून, ते जगते की मरते हे पाहूनच ओळखावे लागे. खुणांमुळे दोन-तीन वर्षांत स्वर्णा-सब१ तयार झाले. भारतात ते २००९ मध्ये प्रसारित झाले. बांगलादेशात २०१० मध्ये ‘ब्रि धान ५१’ या नावाने. ही खुणांच्या आधारे केलेली पैदास आहे, जनुकीय फेरफार केलेले बियाणे नव्हे. हा फरक चर्चेत वारंवार पुसला जातो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला.

ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या शेतांवर झालेल्या चाचण्यांतून दिसले की ७ ते १४ दिवसांच्या बुडितात स्वर्णा-सब१ स्वर्णापेक्षा स्पष्टपणे जास्त पिकते आणि पूर न आल्यास उत्पन्नात तोटा नसतो. हा दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच मोलाचा, कारण पूर दर वर्षी येत नाही. सखल, आधी बुडणारी जमीन अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे तुलनेने जास्त असल्याने लाभही त्यांच्याकडे अधिक जातो, हेही त्याच अभ्यासात पुढे आले. बुडण्याची धास्ती कमी झाल्यावर शेतकरी खतावर आणि मशागतीवर जास्त खर्च करू लागल्याचे नंतरच्या अभ्यासाने दाखवले.

दोन आठवड्यांपलीकडे पाणी राहिले तर सब-१ पुरे पडत नाही. गढूळ, उबदार पाण्यात ही मुदत आणखी घटते. पेरल्याबरोबर शेत बुडाले तर बी रुजवण्याच्या कामीही ते येत नाही. त्यासाठी वेगळे जनुक लागते, आणि ते सब-१ सोबत एकाच वाणात बसवण्याचे काम पैदासकारांनी हाती घेतले आहे.