शिक्षेच्या सुनावणीला किती वेळ द्यायचा?

नागपुरात सीताबर्डीहून वर्धा रोडने विमानतळाकडे निघालं की राहाटे कॉलनीजवळ मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. हा तुरुंग 1864 पासूनचा. राज्यात फाशीची सोय दोनच ठिकाणी आहे, येरवड्याला आणि इथे. 30 जुलै 2015 ला सर्वोच्च न्यायालयातली मध्यरात्रीनंतरची सुनावणी पहाटे संपली आणि काही तासांतच 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला इथे फाशी दिली गेली. त्या दिवशी पानठेल्यांवर वाद चालला होता तो दोनच गोष्टींचा, बदला आणि धाक. माणूस सुधारू शकतो का, हा प्रश्न मला कुणाच्या तोंडी ऐकू आला नाही.

कायद्याने मात्र तो केव्हाच विचारला होता. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हा नियम होता. न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का दिली नाही हे त्याला लिहावं लागे. 1955 च्या दुरुस्तीने ती अट गेली. याच दुरुस्तीने काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आणली. 1973 च्या संहितेने तर पारडंच फिरवलं, फाशी द्यायची असेल तर विशेष कारणं लिहा म्हणून सांगितलं. शिवाय कलम 235 मध्ये एक छोटं पोटकलम आलं. दोषी ठरवल्यावर, शिक्षा ठरवण्याआधी, आरोपीचं वेगळं म्हणणं ऐकायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात त्याच्याएवढं मोलाचं दुसरं काही नाही, कारण गुन्ह्याच्या पलीकडचा माणूस न्यायालयापुढे यायला तेवढीच वाट आहे.

1980 मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी वैध ठरवली, पण ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा आणि तो सुधारण्यापलीकडे आहे हे सरकारने पुराव्याने दाखवावं, असं त्यात म्हटलं होतं. पुढे 1983 च्या माच्छीसिंग निकालात समाजमनाला बसलेल्या हादऱ्याला वजन आलं आणि भर पुन्हा गुन्ह्यावर गेला. खालच्या न्यायालयांत तर शिक्षेची सुनावणी अनेकदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच उरकली जाई. ‘वय कमी आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी,’ एवढंच वकील बोलत आणि तेवढंच कागदावर येई.

न्यायालयावरचा विश्वास उडाला की काय होतं, तेही नागपूरने पाहिलंय. 13 ऑगस्ट 2004 ला कस्तुरबानगर वस्तीतल्या बायांनी तिथल्या गुंड अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच ठार केलं. वस्तीने वर्षानुवर्षं सोसलेल्या अत्याचारांच्या तक्रारी कुणी मनावर घेतल्या नव्हत्या. 2014 मध्ये त्याच्या खुनाचे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायांचा संताप मला समजतो. पण त्या दिवशी शिक्षा झाली असं मी म्हणणार नाही. शिक्षेआधी कुणीतरी दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात.

नागपूरच्याच दुसऱ्या एका खटल्याने हे ऐकणं पुन्हा ऐरणीवर आणलं. 2008 मध्ये चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये फाशी कायम केली, 2017 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळली. पुढे त्याच न्यायालयाच्या 2022 च्या मनोज निकालाने नवी रीत घालून दिली. फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचं बालपण, घरची स्थिती, मनाचं आरोग्य, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल मागवायचे. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने या नागपूरच्या प्रकरणातला शिक्षेचा मुद्दा त्याच कसोटीवर पुन्हा उघडला. दोष कायम राहिला, प्रश्न फक्त फाशीचा.

त्या मुलीच्या आईवडिलांसाठी हे किती जड असेल! 2008 पासून ते शेवटच्या निकालाची वाट पाहतायत. आरोपीबद्दलची ही माहिती पहिल्याच सुनावणीत, निवांत वेळ देऊन, समोर आली असती तर त्यांना पुन्हा न्यायालयाकडे डोळे लावून बसावं लागलं नसतं.