टाटा नॅनो : मालकांचा अनुभव

टाटा मोटर्सने २००९ ते २०१८ या काळात विकलेली, मागच्या बाजूला इंजिन असलेली चार आसनी छोटी मोटारगाडी. ‘लाखाची गाडी’ या नावानेच ती जास्त ओळखली गेली. तिच्याविषयी आजही दोन मते ऐकू येतात : एक बाहेरून पाहणाऱ्यांचे आणि दुसरे ती वापरणाऱ्यांचे. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरली ती किंमत. वापरणाऱ्याला मात्र, कंपनीने किंमत उतरवण्यासाठी जिथे जिथे हात आखडता घेतला होता, तिथे तिथे स्वतःची एखादी सवय बदलावी लागली. ही नोंद मुख्यतः त्या सवयींविषयी आहे.

पावसात एकाच स्कूटरवर निघालेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना या गाडीची कल्पना सुचली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. आराखड्याचे काम प्रामुख्याने पुण्यात, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली झाले. बाह्यरूपाला इटलीतील तुरिनच्या एका संस्थेचा हातभार होता. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडीचे अनावरण झाले. पश्चिम बंगालमधील सिंगूरचा कारखाना जमिनीच्या वादामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला आणि उत्पादन गुजरातेतील साणंदला न्यायचे ठरले. तो कारखाना जून २०१० मध्ये सुरू होईपर्यंत गाड्या उत्तराखंडातील पंतनगरला तयार होत होत्या. त्यामुळे पहिल्या ग्राहकांच्या वाट्याला सर्वांत आधी आली ती प्रतीक्षा.

एप्रिल २००९ मध्ये नोंदणी झाली तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांचे मानकरी सोडतीने ठरले. या नोंदणीतला एक आकडा पुढच्या साऱ्या कथेची चाहूल देणारा होता. सर्वांत स्वस्त, वातानुकूलन नसलेल्या प्रकाराला मागणी जेमतेम वीस टक्के. जवळजवळ निम्म्या लोकांनी सर्वांत महागडा एलएक्स प्रकार निवडला होता. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्यांनाही ‘सर्वांत स्वस्त’ नको होते, त्यांना परवडणारी पण नीटस गाडी हवी होती. जाहिरात करणाऱ्यांना हे उशिरा उमगले. ‘स्वस्त’ हा शिक्का बसू देणे ही चूक होती, असे रतन टाटा यांनीही पुढे बोलून दाखवले.

गाडीचे मुख्य गणित असे : ६२४ घनसेंमी.चे दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, सुरुवातीला ३५ अश्वशक्ती, चार गिअर, सुमारे ६०० किलो वजन, लांबी ३.१ मीटर. वेग ताशी १०५ किमी.वर रोखलेला. मालकाच्या तोंडून ऐकू येणाऱ्या गुणांचा आणि तक्रारींचा उगम याच आकड्यांत आहे.

इंजिन मागे असल्याने पुढच्या चाकांवर भार कमी पडतो. म्हणून पॉवर स्टिअरिंग नसतानाही सुकाणू बऱ्यापैकी हलके राहिले. वळण्यासाठी जागा इतकी थोडी लागते की, ज्या गल्लीत इतरांना दोन-तीनदा पुढे-मागे करावे लागते तिथे नॅनो एका दमात वळते. जुन्या पेठांत, बाजारात आणि सोसायटीतल्या उरल्यासुरल्या कोपऱ्यात गाडी लावणाऱ्यांसाठी हा गुण साऱ्या दोषांना पुरून उरला. चाके चारही टोकांना सरकवलेली आणि छत उंच. त्यामुळे आतली जागा पहिल्यांदा बसणाऱ्याला चकित करते. आसन उंच असल्याने गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना वाकून ‘खाली बसावे’ लागत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी हीच गाडी ठेवली, असे सांगणारे मालक बरेच भेटतात आणि ते आढ्यतेने बोलत नाहीत. जमिनीपासून १८० मिमी. उंची ही खड्ड्यांच्या आणि गतिरोधकांच्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांनीही हेवा करावा अशी.

हाच मागचा इंजिनाचा निर्णय दुसऱ्या हाताने किंमतही वसूल करतो. डिकी म्हणावी अशी जागा फारशी उरत नाही आणि जी आहे तिचे दार पहिल्या अनेक वर्षांच्या मॉडेलांत बाहेरून उघडतच नव्हते. मागचे दार दिसायला दार, प्रत्यक्षात ते बंदच! सामान ठेवायचे तर मागच्या आसनाची पाठ पुढे पाडायची आणि बॅग आतून ढकलायची. चौघे बसले की प्रवासाची बॅग कोणाच्या तरी मांडीवर येते. उघडणारे मागचे दार २०१५ च्या जेनएक्स नॅनोत, म्हणजे गाडीच्या सुधारित आवृत्तीत आले. तोवर पुष्कळांचे मत बनून गेले होते.

पुढच्या बॉनेटखाली इंजिन नाही, पण स्टेपनी आहे आणि पेट्रोल भरण्याचे तोंडही तिथेच. पंपावर पहिल्यांदा गेलेल्या नॅनोवाल्याला हा खुलासा करावा लागे, कारण कर्मचारी सवयीने गाडीच्या बाजूला झाकण शोधू लागे. टाकी १५ लिटरची. चाचणीतला २३.६ किमी. प्रतिलिटरचा आकडा बाजूला ठेवून शहरातले सर्वसाधारण अ‍ॅव्हरेज धरले तरी फुल टाकीत तीनशे किलोमीटरच्या आसपासच हिशेब बसतो. लांबच्या प्रवासात पंप दिसला की भरून घेणे हा नॅनोवाल्याचा नियमच झाला. जेनएक्समध्ये टाकी २४ लिटरची झाली.

पुढची चाके मागच्यांपेक्षा अरुंद, त्यामुळे टायर पुढचे मागे फिरवून झीज सारखी करण्याचा नेहमीचा उपाय इथे चालत नाही. चाक तीनच नटांवर बसते, हे गॅरेजवाल्याला हमखास नवल वाटे. वायपर एकच. वेगाचा काटा चालकासमोर नसून मधोमध. मागे बसलेल्या आजोबांनाही तो दिसतो आणि ‘हळू चालव रे’ म्हणायला त्यांना पुरावा मिळतो.

घाट हा नॅनोचा खरा कस. चौघे, सामान आणि वातानुकूलन असे तिन्ही एकत्र आले की दुसरा गिअर आणि संयम यांखेरीज उपाय नसतो. बोरघाटासारख्या लांब चढावर एसी बंद करून चढायचे, माथ्यावर पुन्हा लावायचा, ही युक्ती मालक एकमेकांना न विचारता शिकले. दोन सिलिंडरचा फटफटाट आत ऐकू येतो; रिक्षाशी तुलना होते ती याच आवाजामुळे आणि ती अगदी निराधार नाही. मागच्या आसनावर उन्हाळ्यात इंजिनाची ऊब जाणवते. महामार्गावर शेजारून ट्रक गेला की उंच, अरुंद आणि हलकी गाडी जराशी डोलते. ऐंशीच्या पुढे बहुतेक जण तिला दामटत नाहीत. असे असूनही काहींनी ती लडाखपर्यंत नेली, हे मान्य करावे लागते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कौतुकाला जागा नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाहीत. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केलेल्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे मिळाले. त्या फेरीत इतर लोकप्रिय छोट्या गाड्यांनाही शून्यच मिळाले होते. पण त्याने नॅनोचा दोष कमी होत नाही. स्कूटरपेक्षा ती बरी, हा मालकांचा युक्तिवाद शहरी वेगापुरता पटतो, महामार्गावर पटत नाही.

बाजारात गाडीचे सर्वांत मोठे नुकसान केले ते आगीच्या बातम्यांनी. काही गाड्यांनी पेट घेतल्याची दृश्ये २०१० मध्ये घरोघरी पोहोचली. कंपनीने रचनेत दोष नसल्याचे सांगितले, तरी जुन्या ग्राहकांना धूर बाहेर टाकणाऱ्या नळीला आणि विजेच्या भागांना जादा संरक्षण मोफत देऊ केले. नोव्हेंबर २०१० मध्ये केवळ ५०९ गाड्या विकल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात हमी चार वर्षे किंवा ६०,००० किमी.पर्यंत वाढवण्यात आली. विक्री सावरली आणि २०११-१२ या आर्थिक वर्षात चौऱ्याहत्तर हजारांवर गेली; साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती, हे लक्षात घेता तो आकडाही तोकडाच.

पुढचे बदल मालकांच्या तक्रारींची यादी समोर ठेवून केल्यासारखे वाटतात : जास्त ताकद, दोन्ही बाजूंना आरसे, २०१४ च्या ‘ट्विस्ट’ या मॉडेलात पॉवर स्टिअरिंग, जेनएक्समध्ये क्लच न दाबता चालणारा स्वयंचलित गिअर. वाहतूक कोंडीत रोज अडकणाऱ्यांना शेवटचा प्रकार विशेष भावला आणि जेनएक्सची स्वयंचलित नॅनो ही या मालिकेतली सर्वांत सुखाची गाडी म्हणायला हरकत नाही. पण या प्रत्येक सोयीने किंमत वर ढकलली. दोन-अडीच लाख मोजणारा ग्राहक आणखी थोडे कर्ज काढून, ‘नॅनो का घेतली?’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही अशी गाडी घेऊ लागला. तो प्रश्न पाहुणे, शेजारी आणि लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी लावून देणारा माणूस असे सगळेच विचारत असत.

जून २०१८ मध्ये संपूर्ण महिन्यात एकच गाडी तयार झाली आणि त्याच वर्षअखेर उत्पादन थांबले. त्यानंतर नॅनोने दुसरा संसार मांडला. सेकंडहँड बाजारात ती नवशिक्यांची गाडी झाली : किंमत कमी, ओरखडा पडला तरी जीव तुटत नाही, शिवाय लांबी इतकी आखूड की टोकांचा अंदाज चटकन येतो. घरात मोठी गाडी असूनही भाजी, शाळा आणि दवाखाना यांसाठी नॅनो ठेवणारी कुटुंबे अजून आहेत. २०२४ पासून पहिल्या गाड्यांची पंधरा वर्षे भरू लागली. नोंदणी नव्याने करायची तर तपासणी आणि शुल्क आले, आणि विकायला काढावी तर इतका थोडा भाव येतो की पुष्कळ मालक वैतागत का होईना, गाडी पुन्हा पासिंगला नेतात.