वापरकर्ता गटाची मासिक बैठक (प्रोग्रामिंग भाषा) : खानदेश

एखादी प्रोग्रामिंग भाषा वापरणारे, शिकणारे आणि शिकवणारे लोक महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी जमतात, एकमेकांचे काम पाहतात आणि अडलेले सोडवतात. या जमण्याला वापरकर्ता गटाची मासिक बैठक म्हणतात. बोलताना सगळे ‘मीटअप’च म्हणतात. ही शिकवणी नव्हे, कारण इथे फी, हजेरी, परीक्षा, प्रमाणपत्र यांतले काहीच नसते. परिषदही नव्हे, परिषद वर्षातून एकदा भरते आणि तिला मांडव लागतो. जवळची उपमा आठवडे बाजाराची. बाजाराचे निमंत्रण कोणी कोणाला देत नाही. वार ठाऊक असतो म्हणून विकणारा येतो, आणि विकणारा येणार हे ठाऊक असते म्हणून घेणारा येतो. मासिक बैठकीचेही तसेच आहे. वक्ता कोण, विषय काय, हे दुय्यम. तारीख हलली की गट विस्कटतो. या नोंदीतली उदाहरणे पायथन भाषेची आहेत, पण जावा, पीएचपी किंवा आर यांच्या गटांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतात.

पूर्वपीठिका

प्रथेचे मूळ यंत्र विकत घेणाऱ्यांच्या अडचणीत आहे. १९५५ साली आयबीएमचे ७०४ हे संगणकयंत्र घेणाऱ्या लॉस एंजेलिस परिसरातल्या कंपन्यांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला. यंत्राबरोबर तयार सॉफ्टवेअर फारसे येत नसे. तोच प्रोग्राम प्रत्येकाने आपापल्या घरी लिहिण्यापेक्षा वाटून घ्यावा, हा साधा हिशेब होता. हौशी लोकांची बैठक त्यानंतर वीस वर्षांनी आली: कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्क इथे ५ मार्च १९७५ रोजी एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब पहिल्यांदा भरला. स्टीव्ह वॉझ्नियाकने आपले पहिले ॲपल यंत्र याच क्लबातल्या मंडळींना दाखवले. भाषेभोवती गावोगाव गट उभे राहण्याचे वळण पर्ल या भाषेने पाडले. ‘पर्ल मंगर्स’चा पहिला गट १९९७ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाला.

पायथनची सुरुवात गिडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुट्टीतला उद्योग म्हणून केली आणि पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकांपुढे आली. तिच्या वापरकर्त्यांची पहिली कार्यशाळा नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत झाली, तेव्हा जेमतेम वीसेक माणसे होती. भारतात ‘पायकॉन इंडिया’ ही वार्षिक परिषद २००९ साली बंगळूरला सुरू झाली आणि २०११ मध्ये ती पुण्यात भरली. खानदेशातल्या मुलांना बहुधा याच दोन शहरांत पहिल्यांदा अशी बैठक पाहायला मिळते: शिकायला किंवा नोकरीला गेल्यावर, कोणातरी मित्राच्या मागे मागे.

बैठकीचा घाट

सर्वसाधारण बैठक दोन ते तीन तासांची. सुरुवातीला एक किंवा दोन सविस्तर टॉक, मग पाच-पाच मिनिटांचे लाइटनिंग टॉक, मग चहा. बैठकीचा जीव या चहात असतो. टॉक चालू असताना जो मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो, तो कप हातात आला की हळूच लॅपटॉप उघडतो आणि एरर दाखवणाऱ्या लाल अक्षरांनी भरलेला पडदा शेजाऱ्यापुढे करतो. त्या लाल अक्षरांतली शेवटची ओळ आधी वाचायची असते, ही गोष्ट किती जणांना कोणी सांगितलेलीच नसते! पुस्तकात ती कुठेतरी असतेही. पण खांद्यावरून वाकून ‘शेवटची ओळ बघ’ म्हणणारा माणूस पुस्तकात नसतो.

लाइटनिंग टॉकची शिस्त कडक हवी. पाच मिनिटे झाली की टाळ्या वाजवून बोलणाऱ्याला बसवायचे. हे उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपल्याकडे पाळले जात नाही, आणि मग पाचाची वीस होतात. हार-तुरे, दीपप्रज्वलन आणि ‘दोन शब्द’ यांचीही तीच गत. महाविद्यालयाचा हॉल मिळाला की त्याबरोबर हा सोहळाही येतो. तो पहिल्याच वेळी नम्रपणे नाकारला नाही तर पुढे दर महिन्याला करावा लागतो.

अंतरे, ऊन आणि अखाजी

खानदेश म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. इंग्रजी अमदानीत हा एकच जिल्हा होता; १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. बैठकीच्या दृष्टीने पाहायचे तर मुद्दा अंतराचा आहे. पुण्यात गट ‘शहराचा’ असतो. खानदेशात एका शहरात दर महिन्याला येतील इतके लोक मिळणे कठीण, म्हणून गट ‘पट्ट्याचा’ करावा लागतो. सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग हा तो नैसर्गिक पट्टा: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ. धुळे मात्र या मार्गावर नाही. चाळीसगावहून त्याला वेगळा फाटा आहे. त्यामुळे धुळेकर एसटीने येतो आणि परतीच्या गाडीसाठी सगळ्यांत आधी उठतो.

मधले ठिकाण म्हणून अमळनेरचे नाव सुचते आणि त्याला एक गंमतशीर आधारही आहे. आज बंगळूरची म्हणून ओळखली जाणारी विप्रो ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने स्थापन झाली. धंदा खाद्यतेलाचा होता. संगणक पुढे आला आणि तो अमळनेरात आला नाही. गावाच्या वाट्याला कोड आले नाही, कंपनीचे शेअर आले.

वेळापत्रकाचे म्हणाल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारची बैठक ठेवणाऱ्याने खानदेशात उन्हाळा काढलेला नसावा. पारा पंचेचाळिशीकडे जातो. त्या दोन महिन्यांत सकाळी आठ, नाही तर दिवस मावळल्यावर. लग्नसराईत लोक बैठकीपेक्षा पंगतीला जातात, आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात; त्या आठवड्यात कोणाला बोलावू नये. श्रावणात कानबाईच्या उत्सवाचा रविवारही सोडावा. उलट हिवाळ्यात, भरताची वांगी बाजारात आली की बैठक शेतावर नेता येते. वांगी भाजायला काडीकचरा, सोबत कळण्याची भाकरी, प्रोजेक्टरऐवजी एकाच लॅपटॉपभोवती दाटीने बसलेली माणसे. टॉकचा दर्जा अशा दिवशी घसरतो, उपस्थिती वाढते.

नेट आणि वीज यांवर भिस्त ठेवू नये. वीस जणांनी एकदम पॅकेज, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, नेटवरून उतरवायला घेतले की कोणाचाही हॉटस्पॉट मान टाकतो. म्हणून लागणारी पॅकेजे आदल्या रात्री पेन ड्राइव्हवर भरून आणायची आणि फिरवायची. एक्स्टेंशन बोर्ड आपला असावा, आणि प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआयची आणि जुनी निळ्या टोकाची, अशा दोन्ही केबली.

विषय कुठून आणावेत

पाहुणा वक्ता मिळाला नाही म्हणून बैठक रद्द करणे, ही नव्या गटाची नेहमीची चूक. पुण्या-मुंबईचा वक्ता चारशे किलोमीटर येणार आणि मोठ्या प्रमाणावरच्या सर्व्हरांची कथा सांगणार. ती ऐकायला छान, पण दाल मिलचा स्टॉक एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला तिचा उपयोग काय? विषय आजूबाजूला पडलेले असतात. केळीचा भाव रोज बदलतो. त्यात नवतीचा (नव्या लागवडीचा) वेगळा, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा) वेगळा. केळीच्याच मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे इंग्रजी कॅलेंडरवर्षाप्रमाणे बेरजा केल्या की हंगाम मधोमध तुटतो. तारखांची ही अडचण शिकवायला परदेशी विमानांच्या वेळापत्रकाचे उदाहरण कशाला हवे!

नवशिक्यांसाठी हतनूर धरण फार कामाचे आहे. तापीवरच्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. दरवाज्यांची यादी करा म्हटले की पायथन पहिल्या दरवाज्याला शून्य क्रमांक देते आणि शेवटच्याला ४०. ४१ क्रमांकाचा मागितला तर चूक दाखवते. मोजणी शून्यापासून का, हे वर्गात तीनदा सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे एकदाच्या हसण्यात बसते.

देवनागरीचा घोळ

मराठी मुलखातल्या गटाने सर्वांत जास्त वेळ ज्या विषयाला द्यावा तो हा, आणि त्यावर बोलायला पाहुणा लागतच नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (डिसेंबर २००८) मजकूर मुळातच युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) असतो, त्यामुळे मराठी ‘चालते’. पण कसे चालते ते पाहावे. ‘धुळे’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ४ येते, कारण उकार आणि मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. ‘खानदेश’ ६, ‘नंदुरबार’ ८. दहा अक्षरांची मर्यादा असलेल्या रकान्यात मराठी नाव मधूनच का कापले जाते, ते इथे कळते.

पुढचा घोळ जास्त वाईट. ‘हा मजकूर केवळ अक्षरांचा आहे का’ असे विचारणारी पायथनची सोय काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. नावे तपासणारा अर्ज तिच्यावर विसंबून लिहिला, तर ‘कमल’ आणि ‘नयन’ आत जातात. शांताराम, सुशीला, गोविंद बाहेर. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधण्याच्या सोयीत) शब्द शोधणारी नेहमीची खूणही ‘धुळे’चे ‘ध’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे करते. आकड्यांचे वेगळेच: मजकूर म्हणून आलेल्या ‘४१’चा पूर्णांक करून मागितला तर पायथन निमूटपणे करून देते, पण कोडमध्ये तोच आकडा थेट देवनागरीत लिहिला तर चूक. चलाला (व्हेरिएबलला) ‘भाव’ किंवा ‘कांदेबाग’ असे नाव दिलेले मात्र चालते.

शेतकऱ्यांच्या याद्यांशी काम करणाऱ्याला सतावणारी गोष्ट ‘ऱ्य’ची. ‘शेतकऱ्यांना’मधला हा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात वेगळा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवूनही ते एक होत नाहीत, बदल आपल्यालाच करावा लागतो. दोन तालुक्यांत दोन कीबोर्डांवर भरलेल्या याद्या जुळवताना तोच माणूस दोनदा का येतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आणि ‘ळ’. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याची जागा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी. त्यामुळे गावांची यादी साध्या क्रमाने लावली की शाळेत शिकलेला क्रम मोडतो. अहिराणीने हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे: तिथे ळ नाहीच, य आहे. जळगावचे ‘जयगाव’, धुळ्याचे ‘धुये’.

बोलण्याची भाषा

टॉक कोणत्या भाषेत, हा वाद पहिल्या दोन बैठकांपुरता असतो. संज्ञा इंग्रजी, वाक्य मराठी, आणि प्रोग्राम कोसळला की आपोआप बोली: ‘काय व्हयनं भो?’ पश्चिमेकडचा अहिराणीत बोलतो, रावेर-यावलकडचा लेवा गणबोलीत, बहिणाबाईंच्या बोलीत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेच नाव आहे. ‘लूप’ला मराठी प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नये. समजावताना मात्र मराठीच हवी, कारण इंग्रजीत न समजलेला माणूस प्रश्न विचारत नाही, नुसती मान हलवतो.

गट टिकणे आणि मोडणे

दर वर्षी जूनच्या सुमारास गटाला गळती लागते. शेवटच्या वर्षाची मुले, म्हणजे बहुधा संयोजकच, पुण्याची गाडी धरतात. म्हणून किमान एक संयोजक असा हवा ज्याचे पोट इथे आहे: महाविद्यालयातला शिक्षक, संगणक दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, भुसावळचा रेल्वे कर्मचारी. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणारे काही जण गावी राहिले, त्यांचीही इथे मदत होते. त्याच काळात मोठ्या शहरांतल्या बैठका ऑनलाइन झाल्या आणि नंदुरबारहून बंगळूरचा टॉक ऐकता येऊ लागला. चहा मात्र त्यात येत नाही.

मुलींची संख्या बैठकीच्या वेळेवर ठरते. वसतिगृहाचे दार आणि गावाकडची शेवटची एसटी यांच्या आत बैठक संपत नसेल, तर ‘मुली येतच नाहीत’ ही तक्रार करण्यात अर्थ नाही. पायलेडीज (२०११) किंवा जँगो गर्ल्स (२०१४) या स्त्रियांसाठीच्या प्रोग्रामिंग गटांच्या धर्तीवर दिवसाउजेडी वेगळी कार्यशाळा घेता येते. पहिल्या आलेल्या दोघी-तिघींना पुढच्या महिन्याचा टॉक द्यावा, आभारप्रदर्शन नव्हे.

खर्च चहा-बिस्किटांपुरता, तो वर्गणीत भागतो. नोंदणी, पावतीपुस्तक, अध्यक्ष-सचिव यांची घाई करू नये. जागा बहुधा महाविद्यालयाची लॅब. सुट्टीच्या दिवशी तिची किल्ली लॅब असिस्टंटकडे असते आणि तो नेमका त्याच दिवशी लग्नाला गेलेला असतो, म्हणून त्याचा आणि शिपाईदादांचा, दोघांचेही नंबर किमान दोन संयोजकांकडे असावेत.