पृथ्वीचं हरवलेलं लहानपण, 73 प्रकाशवर्षांवर

पृथ्वीचं वय साधारण 4.54 अब्ज वर्षं हे आपण शाळेपासून ऐकतोय, पण तिच्या पहिल्या 40-50 कोटी वर्षांचा पुरावा शोधायला गेलात तर हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. कॅनडातला अकास्टा नाइस हा खडक सुमारे 4 अब्ज वर्षांचा, त्याहून जुन्या खडकांचे दावे आहेत पण ते मोजके आणि बरेचसे वादातले. त्याच्याही मागे जायचं तर ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉन या खनिजाचे स्फटिक, सगळ्यात जुने 4.4 अब्ज वर्षांचे, आणि तेही वाळूच्या दाण्याएवढे. बाकी सगळं पृथ्वीनेच वितळवलं, गाडलं, घुसळून टाकलं. लहानपणीचा एकही फोटो नाही अशी गत.

मग उपाय एकच, दुसऱ्या कुणाचं तरी लहानपण बघायचं, म्हणजे सूर्यासारखा पण तरुण तारा गाठायचा आणि त्याच्याभोवती खडकाळ पोर फिरतंय का ते तपासायचं.

असं एक पोर 2024 च्या जानेवारीत जाहीर झालं. नाव एचडी 63433 डी. हो, नाव म्हणजे लायब्ररीतल्या पुस्तकावरचा नंबर वाटतो, पण तारा भारी आहे. आपल्यापासून साधारण 73 प्रकाशवर्षं दूर, मिथुन राशीत, सूर्याच्याच जातीचा, वय फक्त 41 कोटी वर्षांच्या आसपास. पृथ्वीला 45 वर्षांची बाई धरलं तर हा ग्रह 4 वर्षांचा झाला.

वय कळलं कसं? नुसतं एकट्या ताऱ्याकडे बघून वय सांगणं महाकठीण, पण हा तारा एकटा नाहीये. तो सप्तर्षी गटातला आहे, म्हणजे एकाच ढगात जन्मलेल्या आणि अजून जवळपास एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललेल्या ताऱ्यांच्या टोळीतला. गंमत म्हणजे आकाशात आपण जे सप्तर्षी बघतो त्यातले पाचच खरे सख्खे, क्रतू आणि मरीची हे दोन टोकाचे तारे या टोळीतले नाहीतच, उगाच रांगेत उभे आहेत. भावंडांचं वय कळलं की याचंही कळतं. शिवाय तरुण तारे जोरात गरगरतात, सूर्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला 27 दिवसांच्या आसपास लागतात, हा सहा-साडेसहा दिवसांत मारतो.

आणि सगळी डोकेदुखी इथेच सुरू होते.

नासाची टेस ही अवकाश दुर्बीण 2018 पासून वर आहे. तिचं काम तसं सोपं, ताऱ्याकडे टक लावून बघायचं, ग्रह समोरून गेला की उजेड किंचित कमी होतो तो पकडायचा. पण पृथ्वीएवढा ग्रह अशा ताऱ्याचा किती उजेड अडवणार? दहा हजारात एक भाग, बस. तरुण ताऱ्यावर मात्र मोठमोठे काळे डाग असतात, तारा फिरला की डाग समोर येतात, मागे जातात, आणि त्यामुळे उजेडात होणारी चढउतार ग्रहामुळे पडणाऱ्या त्या एवढ्याशा खाचेच्या कितीतरी पट मोठी असते. वर मधेच ज्वाळा भडकतात ते वेगळंच. ग्राफ बघितला तर लाटाच लाटा, आणि त्यातल्या एखाद्या लाटेच्या उतारावर केसाएवढी खाच.

सुटका होते ती वेळेच्या फरकामुळे. डागांची लाट सावकाश, काही दिवस चालते, ग्रहाची खाच जेमतेम दोन-तीन तासांची. त्यामुळे आधी लाट सपाट करायची. मग या ताऱ्याचे बी आणि सी हे दोन थोराड ग्रह 2020 मध्येच सापडले होते, त्यांच्याही खाचा काढून टाकायच्या, आणि जे उरेल त्याच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून एकावर एक ठेवायच्या. बाकी गोंधळ एकमेकांना खाऊन टाकतो, पण खरा ग्रह असेल तर खाच दरवेळी त्याच जागी येते आणि ठसठशीत होते. इथे ती दर 4.2 दिवसांनी येत होती. ग्रह पृथ्वीच्या 1.07 पट, म्हणजे जवळपास तोच साइज.

आता लगेच ‘दुसरी पृथ्वी’ अशी हेडलाइन टाकू नका प्लीज. बुध सूर्याच्या जितका जवळ आहे त्याच्या आठपट जवळ हा आपल्या ताऱ्याला चिकटलाय. एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे, तिथलं तापमान अंदाजे 1,257 अंश सेल्सिअस, म्हणजे खडक वितळून लाव्हाच वाहत असण्याची शक्यता. दुसऱ्या बाजूला कायमची रात्र.

आणि ‘खडकाळ’ हेही आपण साइजवरून म्हणतोय, इतके लहान ग्रह बहुतेक खडकाचेच निघतात म्हणून. खात्रीसाठी वजन लागतं. त्यासाठी ग्रहाच्या ओढीने तारा किती हलतो ते मोजायचं, पण पृथ्वीच्या वजनाचा ग्रह या ताऱ्याला सेकंदाला अर्धा मीटर वगैरे हलवणार आणि डाग मात्र त्याच्या कितीतरी पट खोटी हालचाल दाखवणार, बोंबला.

मला स्वतःला डी पेक्षा त्याच्या भावंडांसोबतची तुलना जास्त इंटरेस्टिंग वाटते. बी आणि सी पृथ्वीच्या दुप्पट-अडीचपट, छोटे नेपच्यून (म्हणजे वायूचं जाड पांघरूण असलेले) म्हणतात त्यातले, फेऱ्या साधारण 7 आणि 20 दिवसांच्या. तारा तोच, वय तेच, फक्त अंतर आणि आकार वेगळा. हबल अवकाश दुर्बिणीने बघितलं तेव्हा बाहेरच्या सी वरून हायड्रोजन निसटताना दिसला, आतल्या बी वरून मात्र नाही. जास्त भाजला जाणारा बी शांत का? एक शक्यता अशी की त्याचं जे उडून जायचं ते आधीच उडून गेलंय. तसं असेल तर सगळ्यात आत बसलेल्या डी कडे जन्मावेळी हवेचं पांघरूण होतं का, आणि त्यातलं काही अजून शिल्लक आहे का, हा प्रश्न आता रांगेत पहिला.