खाऊचं पान की मनीप्लँट? आधी चुरगाळून वास घ्या

कोल्हापुरात आमच्या गॅलरीच्या ग्रिलवर दोन वेल एकमेकांत गुंतून वाढलेले, एक आज्जीची नागवेल, दुसरा मनीप्लँट. मागच्या पावसाळ्यात चार वर्षांच्या भाचीनं आज्जी खाते तसं पान म्हणून मनीप्लँटचं पान तोडलं आणि कराकरा चावलं. लगेच रडायला लागली, लाळ गळतीय, ओठ सुजलाय आणि पोरीनं काय खाल्लंय तेच आम्हाला कळेना.

दोन्ही पानं बदामाच्या आकाराची, हिरवीगार, त्यामुळं लांबनं फसायला होतंच. पण नागवेल मिऱ्याच्या कुळातली आणि मनीप्लँट अळूच्या. अळूच्या भाजीत आपण चिंच घालतो ती घसा खवखवू नये म्हणून, तर हे खाजरेपण मनीप्लँटमध्येपण असतं, त्याच्या पानात, देठात, खोडात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि चावलं की ते जिभेला, गालाला टोचतात. जिवावर सहसा बेतत नाही, पण आग लई होते. कुत्र्या-मांजरांनापण हाच त्रास.

ओळखायचं कसं? पानाचा तुकडा बोटात चुरगाळा. खाऊच्या पानाचा लवंगेसारखा तिखट वास लगेच नाकात जातो, कारण लवंगेतलं युजेनॉल ह्यातपण असतं. मनीप्लँटला नुसता हिरवट वास, आणि त्याच्या चिकानं हात खाजू शकतो म्हणून नंतर हात धुवा. मग पान उजेडाकडं धरा, नागवेलीला देठापासनंच पाच-सात शिरा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतील, मनीप्लँटला मधोमध एकच जाड शीर. पिवळ्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका हां, सावलीत वाढलेला मनीप्लँट पूर्ण हिरवा होतो. आणि चव बघून ओळखायला तर अजिबात जाऊ नका.

पोरानं चावलंच तर तोंडातले तुकडे ओल्या फडक्यानं पुसून काढा, चूळ भरायला लावा, गार पाणी नाहीतर दूध घोटघोट द्या. उलटी काढायला लावू नका. गिळताना, श्वास घेताना त्रास व्हायला लागला किंवा सूज वाढली तर तडक दवाखाना, आणि जाताना ते पान पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना बघून कळतं. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं डोळा धुवा.

भाची रात्रीपर्यंत बरी होऊन वरणभात जेवली. आज्जीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मनीप्लँट ग्रिलवरनं सोडवला, बाटलीत घालून कपाटावर ठेवला, नागवेल तेवढी जागेवर आहे.