खिळ्यांचे बूट सगळीकडे चालत नाहीत

"स्पाइक्स घाल, पाय घसरणारच नाही," हे सोलापुरात क्रिकेट खेळणारी पोरं एकमेकांना वर्षानुवर्षं सांगतात. अर्धंच खरं आहे. धातूचे खिळे पकड घेतात ते मातीत रुतून, म्हणजे हिरवळीवर आणि टर्फ विकेटवर (माती-गवताच्या खेळपट्टीवर). आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की मुरमाड मैदान दगडासारखं होतं. खिळा रुततच नाही; बूट टोकांवर उभा राहतो आणि दुसऱ्या धावेला वळताना घोटा मुरगळतो. मॅटिंगवर (खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या चटईवर) तर खिळे काथ्याच उसवतात. तिथे रबरी स्टडचे (तळाला रबरी उंचवटे असलेले) बूटच बरे, शिवाय स्वस्त. टर्फवर सामना असेल तर फलंदाजांनी पुढे खिळे, टाचेला रबर असलेले बूट बघावेत.