इंटरनेट नसलेल्या मशीनसाठी पॅकेजेस कशी उतरवायची: डेबियन आणि उबुंटू वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

ज्या मशीनना मुद्दाम इंटरनेट जोडलेलं नाही, त्यांच्यावर नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर त्याच्या डेब फाइली (म्हणजेच पॅकेजेस) दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं आणाव्या लागतात. काम अवघड नाही. पण बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: चार फाइली येतात, पाचवी राहते, आणि ती राहिल्याचं कळतं नेमकं नेट नसलेल्या मशीनसमोर बसल्यावर. म्हणून या पत्रकात त्या पाचव्या फाइलीवर जास्त जागा खर्च केली आहे.

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मात्र मशीनसोबतच्या कार्डावर इंग्रजीत छापलेल्या कमांड समोर ठेवा; त्यातली रेघ, ठिपका किंवा मोकळी जागा वगळून चालत नाही.

आधी दोन्ही मशीन जुळतात का ते पाहा

दोन्हीकडे ‘कॅट /इटीसी/ओएस-रिलीज’ चालवा. आवृत्तीचं टोपणनाव तंतोतंत एकच हवं: डेबियन १२ असेल तर बुकवर्म, उबुंटू २४.०४ असेल तर नोबल. मग प्रोसेसरचा प्रकार पाहण्यासाठी ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’. साध्या पीसीवर उत्तर एएमडी६४ येतं, मग आत प्रोसेसर इंटेलचा असला तरी. रास्पबेरी पायवर ते एआरएम६४ किंवा एआरएमएचएफ येतं आणि त्या फाइली पीसीवर चालत नाहीत.

‘उबुंटू म्हणजे डेबियनच की’ असं समजून फाइलींची अदलाबदल करू नका. उबुंटूनं २१.१० पासून डेब फाइली झेडस्टँडर्ड पद्धतीनं दाबायला सुरुवात केली. डेबियन ११ मधल्या डीपीकेजीला (डेब फाइल उघडून बसवणाऱ्या प्रोग्रामला) ती पद्धत समजत नाही, त्यामुळे फाइल धडधाकट असूनही उघडत नाही.

पाचवी फाइल का राहते

समजा, स्कॅन केलेल्या मराठी कागदांमधून मजकूर काढण्यासाठी टेसरॅक्ट हवं आहे. पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या ॲप्ट या प्रोग्रामला ‘ॲप्ट-गेट डाउनलोड टेसरॅक्ट-ओसीआर’ दिलंत, तर चालू फोल्डरमध्ये फक्त तेवढी एकच फाइल येते. तिला लागणारी लिबटेसरॅक्ट, इंग्रजीचा डेटा, ओएसडीचा (पानाची दिशा आणि लिपी ओळखण्याचा) डेटा यांतलं काहीही येत नाही. ही कमांड एखादी सुटी फाइल आणण्यापुरतीच ठीक आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ‘सुडो ॲप्ट-गेट -डी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर’. यात -डी म्हणजे फक्त उतरव, बसवू नकोस. अवलंबून असलेली पॅकेजेसही येतात आणि /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्हज या फोल्डरमध्ये जमा होतात. खरी गोम इथेच आहे. ॲप्ट हिशोब करतं ते स्वतः ज्या मशीनवर चाललंय तिचा. तुमच्या नेटवाल्या लॅपटॉपवर एखादी लायब्ररी आधीपासून असेल, तर ॲप्ट ती पुन्हा आणणार नाही. आणि नेट नसलेल्या मशीनला नेमकी तीच लागते.

तेव्हा नेट लॅपटॉपचं वापरा, पण हिशोब बंद मशीनचा, म्हणजे नेट नसलेल्या मशीनचा, करायला लावा. कोणत्या मशीनवर काय बसवलंय याची नोंद /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या एका साध्या मजकूर-फाइलीत असते. ती वाचायला पासवर्डही लागत नाही. बंद मशीनवरून ती पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवर तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या मूळ स्टेटस फाइलीवर ती चुकूनही टाकू नका. तसं झालं तर लॅपटॉप स्वतःवर काय बसवलंय तेच विसरेल.

आता लॅपटॉपवर ‘डेब्ज’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात ‘पार्शल’ नावाचं आणखी एक. आधी ‘सुडो ॲप्ट-गेट अपडेट’ चालवा, आणि मग एकाच ओळीत:

सुडो ॲप्ट-गेट -ओ डिर::स्टेट::स्टेटस=/होम/युजर/स्टेटस -ओ डिर::कॅश::आर्काइव्हज=/होम/युजर/डेब्ज -डी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर

‘युजर’च्या जागी तुमचं लॉगिन नाव. पत्ता होमपासून पूर्ण लिहा. एमएआर हा मराठीचा डेटा. जागेची अडचण असेल तर --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स जोडा. शिफारस म्हणून येणारी जादा पॅकेजेस त्यानं टळतात.

‘वाय’ दाबण्याआधी पडद्यावरची यादी वाचा. किती एमबी उतरवायचंय आणि बसवल्यावर किती जागा लागेल, दोन्ही आकडे तिथे असतात. उतरवून झालं की तीच कमांड पुन्हा द्या. आता उतरवायचा आकडा ० बी दिसला तर संच पूर्ण आहे. मध्येच नेट गेलं तरी तीच कमांड पुन्हा द्यायची. अर्धवट फाइल पार्शलमध्ये असते आणि काम तिथून पुढे चालू होतं.

शेवटी ‘डब्ल्यू’नं सुरू होणारी, अनसँडबॉक्स्ड असा शब्द असलेली ओळ दिसेल. होम फोल्डरमध्ये ॲप्टच्या वेगळ्या युजरला शिरता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. ती सूचना आहे, बिघाड नाही. फाइलींच्या नावात मध्येच %३ए दिसलं तर नाव बदलू नका. आवृत्तीतलं कोलन (:) हे चिन्ह फाइलीच्या नावात तसं लिहिलं जातं.

उतरवताना येणाऱ्या चुका

४०४ (फाइल सापडली नाही) आलं तर तुमच्या मशीनवरची पॅकेजांची यादी शिळी आहे. सर्व्हरवर नवी आवृत्ती आली, जुनी काढली गेली. अपडेट करा.

हॅश सम मिसमॅच (फाइल यादीशी जुळत नाही) आलं तर बहुधा मधला प्रॉक्सी सर्व्हर जुनी फाइल देतोय किंवा मिरर (पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर) अर्धवट बदललेला आहे. थोड्या वेळानं पुन्हा करा, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा. तरीही आलं तर /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मधल्या फाइली काढून पुन्हा अपडेट.

रिलीज फाइल अजून वैध नाही, असं म्हणत असेल तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि ॲप्टला आजची फाइल उद्याची वाटते.

बंद मशीनवर

पेनड्राइव्हवर नेण्याआधी डेब्ज फोल्डरमध्ये ‘एसएचए२५६सम *.डेब > यादी’ करा, आणि पलीकडे नेल्यावर ‘एसएचए२५६सम -सी यादी’. हे बरेच जण टाळतात. आम्ही टाळू नका म्हणतो. उतरवताना ॲप्ट प्रत्येक फाइल सही केलेल्या यादीशी ताडून पाहतं. हातानं आणलेल्या फाइलीची तशी तपासणी होत नाही. पेनड्राइव्ह इजेक्ट न करता उपटला, तर फाइल अर्धीच लिहिली गेलेली असू शकते.

मग त्या फोल्डरमध्ये जाऊन आधी ‘ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल ./*.डेब’. ही नुसती रंगीत तालीम आहे, काही बसत नाही. या यादीत तुम्ही न आणलेलं पॅकेज दिसलं, तर ती पाचवी फाइल. सगळं बरोबर असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब’. सुरुवातीचे ठिपका आणि तिरपी रेघ आवश्यक आहेत. ते नसतील तर ॲप्ट त्याला फाइल न समजता पॅकेजचं नाव समजतं.

‘डीपीकेजी -आय’ वापरू नका. एखादी फाइल कमी असली तरी ते पॅकेज उघडून अर्धवट बसवून ठेवतं, आणि पुढचं प्रत्येक इन्स्टॉल तिथे अडतं. तसं झालंच असेल तर राहिलेली फाइल आणा, ती त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि वरचीच ॲप्ट कमांड पुन्हा द्या.

काम झाल्यावर स्टेटस फाइलीची जुनी प्रत पुसून टाका. पुढच्या वेळी ताजी घ्यायची, कारण आत्ता बसवलेलं त्या प्रतीत नाही. डेब्ज फोल्डर मात्र ठेवा: त्याच आवृत्तीची दुसरी मशीन असेल तर उपयोगी पडेल, पण तिथेही आधी -एस.

एवढं करूनही अडलात तर आम्हाला तीन गोष्टी पाठवा: दोन्ही मशीनवरची ओएस-रिलीजची माहिती, बंद मशीनची स्टेटस फाइल, आणि ‘ई’नं सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीचा फोटो. पहिल्याच ओळीचा, खालच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.